मधली अडीच वर्षं

गावात काही भयंकर घडलं आणि करणारा गावातलाच पोरगा निघाला, की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पोट्टं चांगलं होतं हो आधी." दुसऱ्या दिवशी पेपरात 'मनोरुग्ण तरुणाचे कृत्य' असा मथळा येतो. वाचणाऱ्याला वाटतं, वीज पडावी तसं त्याचं डोकं एका रात्रीत फिरलं असेल. पण त्याच्या आईला विचारलं तर ती महिना सांगते. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा, दुसरा वेचा चालू होता, तेव्हापासून तो रात्री झोपेनासा झाला.

"चांगलं होतं" आणि "असं घडलं" यांच्या मधला काळ अभ्यासकांनी मोजला आहे. २००८ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून एक हिशोब मांडला गेला. सायकोसिस, म्हणजे खरं काय आणि भास काय यातला फरक कळेनासा होणं, याची सुरुवात झाल्यापासून पहिला उपचार मिळेपर्यंत श्रीमंत देशांत सरासरी ६३ आठवडे जातात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १२५ आठवडे जातात. १२५ आठवडे म्हणजे जवळपास अडीच वर्षं. आपल्याकडच्या हिशोबाने दोन पोळे, दोन दिवाळ्या आणि कापसाचे दोन पूर्ण हंगाम. या सगळ्या काळात तो पोरगा कुठे लपलेला नसतो. घरचे बघतात, शेजारी बघतात, शाळेतले जुने मास्तर बघतात. मला त्या अडीच वर्षांबद्दलच सांगायचं आहे. तेव्हा डोक्यात काय चालतं, घरचे कुठे कुठे जातात, दवाखाना का गाठला जात नाही, आणि गाठला तरी गोळ्या का सुटतात.

एक पोरगा डोळ्यासमोर धरू. वय २१, बारावी झालेला, घरी चार एकर कोरडवाहू. तो कुणी एक खरा मुलगा नाही, पण मी ज्यांना ज्यांना पाहिलं त्या सगळ्यांचं थोडं थोडं त्याच्यात आहे. सुरुवात अगदी शांत असते. झोप कमी होते. मित्रांकडे जाणं थांबतं. आंघोळ टाळतो. मोबाईल बंद करून ट्रंकेत ठेवतो, कारण त्यातून कुणीतरी ऐकतंय. आईने वाढलेलं ताट आधी हुंगून बघतो. एकटाच पुटपुटतो, मधेच हसतो. घरचे म्हणतात, प्रेमबिम असेल, नाहीतर भरतीत नंबर लागला नाही म्हणून नाराज असेल. मग एक दिवस तो सांगतो, शेजारचा काका माझ्यावर पाळत ठेवतो.

ज्यांनी जागल केली आहे त्यांना हा आजार लवकर कळेल. तूर शेंगेवर आली की रानडुकरं आणि रोही (नीलगायी) येतात, म्हणून आपण रात्री वावरात मचाणीवर बसतो. अंधारात पान हललं तरी डुक्कर वाटतं. धुऱ्यावरचं झुडूप माणूस होऊन उभं राहतं. त्या वेळी आपला मेंदू प्रत्येक आवाजावर, प्रत्येक सावलीवर 'इकडे लक्ष दे' अशी खूण करत असतो, आणि ते आपल्या भल्याचंच असतं. उजाडलं की खुणा पुसल्या जातात, झुडूप पुन्हा झुडूप होतं. ही खूण करण्याच्या कामात डोपामिन नावाच्या रसायनाचा मोठा हात असतो. सायकोसिसमध्ये त्याचा तोल जातो आणि कशावरही खूण होऊ लागते. त्या पोराची जागल संपतच नाही. भर दुपारी, घरात, एसटी स्टँडवर, सगळीकडे ती चालू राहते. दुकानदाराने सहज पाहिलं त्यालाही अर्थ, मोटारसायकलचा हॉर्न वाजला त्यालाही अर्थ. एवढ्या सगळ्या खुणांची संगती लावायला मन एक गोष्ट रचतं: माझ्याविरुद्ध कट चालला आहे. बाहेरून ती विचित्र वाटते. त्याला मात्र दुसरी कुठलीच गोष्ट पटू शकत नाही. आवाजांचंही तसंच. ते त्याला कानाने ऐकू यावेत तसे ऐकू येतात. म्हणून "मनाचे खेळ आहेत रे, सोडून दे" असं सांगून काही होत नाही. जोर लावून वाद घातला तर आपणही कटातले ठरतो.

ही अवस्था स्किझोफ्रेनियात येते, बायपोलर आजारात येते, कधी तीव्र नैराश्यात, कधी गांजामुळे. बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत हजारातल्या एखाद-दोन बायकांना ती येते, आणि तेव्हा आई आणि बाळ दोघांसाठी ती तातडीची बाब असते. आपल्याकडे अशा सुनेला माहेरी नेऊन सोडतात. माहेरचे तिला अंगारा लावतात. बाळंतिणीला त्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं तर ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते, हे सांगणारं तिथे कुणी नसतं.

आता घरचे काय करतात ते पाहू. ते आधी जाणत्याकडे, म्हणजे झाडफूक करणाऱ्याकडे जातात, भगताकडे जातात, मेळघाटात भूमकाकडे जातात. शहरातली माणसं यावर लगेच 'अडाणी' म्हणून मोकळी होतात. मला ते पटत नाही. जाणता गावातच असतो, रात्री दोन वाजताही दार उघडतो, आधार कार्ड मागत नाही, बाहेर रांगेत बसवत नाही. तो पूर्ण गोष्ट ऐकून घेतो आणि शेवटी एक उत्तर देतो. "बाहीरचं हाये." या उत्तरात घरच्यांना मोठा दिलासा असतो, कारण दोष पोराचा नाही, आईच्या संस्काराचा नाही, घराण्याच्या रक्ताचा नाही. जे बाहेरून आलं ते बाहेर जाईल. दवाखान्यातला डॉक्टर पाच मिनिटांत चिठ्ठी लिहितो आणि आजाराचं नावही नीट सांगत नाही. अशा वेळी माणसं कुठे जातील?

पण या वाटेवर वेळ जातो, पैसा जातो, आणि कधी कधी पोराचं अंगही सोलून निघतं. लिंबू-नारळापासून सुरू झालेलं प्रकरण कोंबड्या-बकऱ्यावर येतं, मग धुनीचा धूर, मग दोरी, मग मार. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा याबाबत स्पष्ट आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. देवाला हात जोडायला, दर्ग्यात चादर चढवायला कायद्याची काहीच हरकत नाही. हा फरक गावात समजावून सांगितला की लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाला घेऊन कुटुंबं तिथे वर्षानुवर्षं येत आली आहेत, काही महिनोन्महिने मुक्काम करतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला वावगं बोलायचं नाही. मला फक्त तमिळनाडूतल्या एरवाडीची आठवण करून द्यायची आहे. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या या गावात असाच प्रसिद्ध दर्गा आहे. त्याच्या आसपास मानसिक रुग्णांना ठेवून घेणारी खासगी 'घरं' उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यातल्या एका घराला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती, त्यांना पळता आलं नाही. २८ जणांचा जीव गेला. नंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तिथली ती घरं बंद झाली. मानसिक आजार आणि दुर्घटना हे शब्द एकत्र आले की आपल्याला आजारी माणसाने काय केलं तेच आठवतं. एरवाडीत मेलेले सगळे आजारी होते, आणि त्यांना त्यांच्याच माणसांनी विश्वासाने तिथे ठेवलं होतं.

यातून मार्ग निघालेला आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना, म्हणजे दर्ग्याची सेवा करणाऱ्यांना, आजाराची लक्षणं शिकवली, दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय केली. भाविक दुआ मागतो आणि मुजावरच त्याला म्हणतो, डॉक्टरलाही दाखवून घे. मुजावराचा शब्द लोक पाळतात. आपल्याकडेही ज्या गावात जाणता ऐकण्यातला आहे तिथे आशाताईंनी त्याच्याशी बोलून ठेवावं, असं मला फार वाटतं. "तुम्ही तुमचं करा बाबा, पण दहा दिवसांत झोप आली नाही तर आमच्याकडे पाठवा." एवढं जमलं तरी अडीच वर्षांतली दोन वाचतील.

जाणत्यानंतर दुसरा उपाय लग्नाचा. "लगन करून टाका, सुदरते." लग्नाच्या धावपळीत आजार वाढतो, आणि आता त्यात एक परकी मुलगीही अडकते, जिला कुणी काही सांगितलेलं नसतं. मुलगीच आजारी असली तर गोळ्या सासरी लपवाव्या लागतात, मग त्या बंदच होतात. याबद्दल जास्त काय लिहू, प्रत्येक गावात अशी दोन-तीन घरं सगळ्यांना माहीत असतात.

मग कधीतरी दवाखान्याची गोष्ट निघते, आणि इथून अंतराचा प्रश्न सुरू होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असतो, पण मानसोपचारतज्ज्ञ नसतो. तो जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात असतो. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, मधे मेळघाटचा घाट. सिरोंचाहून गडचिरोली दोनशेच्या आसपास. देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि उपचार जिल्ह्यापर्यंत नेण्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली आला. त्याची कल्पना चांगली होती आणि आहे. जिल्ह्याच्या पथकाने ठरलेल्या दिवशी खालच्या रुग्णालयांत जायचं, तिथल्या डॉक्टरांना शिकवायचं, औषधं जवळ ठेवायची. पण माणसं किती आहेत? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढांपैकी साधारण १० टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरात.

आता त्या आईच्या जागी बसून बघा. पोराला आपण आजारी आहोत हेच मान्य नसतं. हा हट्ट नसतो, आजाराचाच भाग असतो, पण त्यामुळे त्याला एसटीत बसवणं अशक्य होतं. मग गाडी भाड्याने करायची. सोबत दोन माणसं हवीत, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. ओपीडी ठरावीक वारी. वेचणीच्या दिवसांत गेलं तर घरचा कापूस बोंडात राहतो, पावसाळ्यात गेलं तर डवरणी राहते. तिथे पोहोचल्यावर केसपेपरच्या रांगेत पोरगा बिथरतो आणि सगळे बघतात. एवढं करून मिळतात पंधरा दिवसांच्या किंवा महिन्याच्या गोळ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

आणि वर भीती. राज्यात ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नागपूरच्या रुग्णालयाजवळच्या चौकाला लोक सर्रास 'पागलखाना चौक' म्हणतात. विदर्भातल्या लहान मुलाला गप्प करायलाही ते नाव वापरलं जातं. अशा नावाच्या ठिकाणी कोणती आई पोराला नेईल? म्हणून दोन गोष्टी सांगतो. बहुतेक रुग्णांना भरती करावंच लागत नाही, ओपीडीतून गोळ्या घेऊन ते घरी राहून बरे होतात. आणि 'शॉक देतात' ही जी धास्ती आहे, त्याबद्दल: काही गंभीर रुग्णांना तो उपचार खरंच उपयोगी पडतो, पण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे.

गोळ्यांचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण दवाखान्यापर्यंत पोहोचलेली माणसंही इथे गळतात. पहिली गोष्ट, या सगळ्या 'झोपेच्या गोळ्या' नसतात. सायकोसिसची मुख्य गोळी डोपामिनचा जोर कमी करते. सुरुवातीला झोप लागते, चिडचिड उतरते, ते काही दिवसांत दिसतं. पण आवाज आणि संशय कमी व्हायला काही आठवडे लागतात. नैराश्याच्या गोळ्यांनाही दोन ते चार आठवडे लागतात. घरच्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. तापाच्या गोळीने दोन दिवसांत ताप उतरतो, हीच सवय. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून पुन्हा जाणत्याकडे.

दुसरी गोष्ट, त्रास होतो. काही गोळ्यांनी हातपाय आखडतात, जबडा जड होतो, तोंडातून लाळ गळते, चालणं लाकडासारखं होतं. काहींनी भूक वाढते, वजन वाढतं. पोरगा दिवसभर पेंगतो आणि बाप म्हणतो, गोळ्यांनी याला पार निकामी केलं. हा त्रास खरा आहे, पण त्यावर उपाय असतो. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते, आखडण्यावर दुसरी गोळी असते. डॉक्टरला सांगितलं तरच हे होतं. न सांगता बंद केलं की बऱ्याचदा काही महिन्यांत आजार परत येतो, आणि प्रत्येक वेळी परतलेला आजार आधीपेक्षा चिवट होऊ शकतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. पोरगा बरा होतो, म्हणून गोळ्या बंद होतात. "आता कायले खायच्या?" पहिल्यांदा आजार झाला असेल तर बरं वाटायला लागल्यावरही किमान वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवावं लागतं. काहींना त्याहून जास्त, बीपी-शुगरसारखं. ज्याला रोजची गोळी जमत नाही त्याच्यासाठी काही औषधं इंजेक्शनच्या रूपात मिळतात, एकदा घेतलं की काही आठवडे पुरतं. विचारल्याशिवाय बऱ्याचदा कुणी सांगत नाही, म्हणून विचारा. आणि चौथी गोष्ट, ज्यात रुग्णाचा काहीच दोष नसतो: औषध संपलेलं असतं. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला सरकारी खिडकीवर सलग दोनदा "बाहेरून घ्या" ऐकावं लागलं. तिसऱ्यांदा ते गेलेच नाहीत. चार महिन्यांनी त्या घरात जे झालं ते मी इथे लिहिणार नाही. पण गावाने त्याचा दोष त्या पोराला दिला, रिकाम्या खिडकीला कुणी दिला नाही.

आता हिंसेबद्दल सरळ बोलतो, कारण भीती तिथेच आहे. मानसिक आजार असलेली बहुतांश माणसं कधीच कुणावर हात उगारत नाहीत. उलट मार खाणाऱ्यांत, फसवल्या जाणाऱ्यांत, छळ सोसणाऱ्यांत ती जास्त असतात. समाजातली बहुतेक हिंसा दारू, राग, जमिनीचे वाद, बायकोवरची मालकी यांतून येते, तिला आजाराचं नाव लागत नाही. पण उपचार न झालेल्या सायकोसिसमध्ये धोका वाढतो, हे नाकारणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. अनेक देशांतल्या अभ्यासांचा २०१० मधला एकत्रित निष्कर्ष असा की सायकोसिसमध्ये घडलेल्या खुनांपैकी जवळपास ४० टक्के पहिला उपचार मिळण्याच्या आधीच घडलेले होते. सगळ्यात धोक्याचा काळ तोच मधला काळ आहे. आणि तेव्हा जो समोर सापडतो तो बहुधा आई, बाप, भाऊ, नाहीतर तो शेजारचा काका.

असं काही घडलंच, तर "पागल आहे म्हणून सुटतो" असं लोक म्हणतात. ते तितकं सोपं नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ८४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २२ झालं, एवढंच म्हणतं: कृत्य करताना आजारामुळे त्या माणसाला आपण काय करतोय हे किंवा ते चूक आहे हे कळतच नव्हतं, तर तो गुन्हा नाही. हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. आणि तिथे सगळ्यात आधी विचारलं जातं, आधीचे उपचाराचे कागद आहेत का? ज्याला अडीच वर्षांत डॉक्टर दिसलाच नाही त्याच्याकडे कागद कुठून येणार.

प्रसंग बिघडत चालला असेल तर काय करायचं, ते वर आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलेलं आहे. तो २०१८ पासून लागू आहे, पण गावात फारसं कुणाला माहीत नाही. जिवाला धोका असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी प्राथमिक आरोग्य केंद्राचा एमबीबीएससुद्धा, तातडीचा उपचार ७२ तासांपर्यंत करू शकतो. रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारा नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात नेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. कुणाला घरात किंवा गोठ्यात बांधून ठेवलेलं असेल तर कुणीही पोलिसांना कळवू शकतं आणि पोलिसांनी ते दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. साखळी लावण्याला कायद्याने पूर्ण मनाई आहे. घरच्यांनी साखळी लावली ती बहुतेक वेळा क्रूरपणाने लावलेली नसते. दिवसा दोघंही मजुरीला जातात आणि पोरगा विहिरीकडे जातो, म्हणून लावलेली असते. त्यामुळे कळवताना त्या घरावर गाव तुटून पडणार नाही हेही बघावं लागतं.

रात्र निघेपर्यंत घरच्यांनी काय करावं? एकाच माणसाने बोलावं, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याने. हळू आवाजात. आवाज खरे की खोटे यावर वाद नको, "तुले भेव वाटून राह्यलं, मी हाये इथं" एवढं पुरे. विळे, कुऱ्हाडी, फवारणीचा साठा आधीच हलवावा. अंगणात जमलेली गर्दी घालवावी. गर्दी म्हणजे त्याच्या डोक्यातल्या कटाचा पुरावाच.

फवारणीचा उल्लेख आलाच आहे तर विदर्भाच्या दुसऱ्या दुःखाबद्दल थोडं बोलतो. शेतकरी आत्महत्यांना नुसता मानसिक आजार म्हणणं मला चुकीचं वाटतं. नापिकी, कापसाचा भाव, सावकार, वसुलीचा तगादा यांवर कोणतीही गोळी नाही. पण कर्जाखाली दबलेल्या माणसाला नैराश्याचा आजारही होतो, आणि मग त्याला दिसणारे रस्ते एकेक करून बंद होत जातात. तो 'उदास आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो, डोकं जड राह्यते, अंग दुखते, छातीत धडधडते, इचार थांबत नाही. त्याला सलाईन लावून घरी पाठवतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातलीच माणसं शिकवून तयार केली, त्यांनी घरोघरी ताणाबद्दल बोलायला सुरुवात केली, गरज पडेल त्याला समुपदेशक, आणि त्याहून जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. हे परदेशात नाही, आपल्याच वऱ्हाडात घडलं आहे. राज्य सरकारनेही १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात. आशाताई विचारायला आली तर "आम्हाले काई नाई" म्हणून तिला दारातून परत पाठवू नका.

आपल्या बोलीत 'औषध' शब्दाचे दोन अर्थ झाले आहेत, एक वाचवणारा आणि एक वावरात फवारायचा. दुसरं राहत्या घरात ठेवू नका. कुलपात, घरापासून लांब, आणि किल्ली दुसऱ्याकडे. जिवावर उठण्याची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, तेवढा वेळ हाताशी काही सापडलं नाही तर माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. आणि एखाद्याने प्रयत्न केलाच तर पोलीस केसच्या भीतीने लपवू नका. तो माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

मदत कुठून सुरू करायची? फोनपासून. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आजारी माणूस बोलायला तयार नसेल तर आईने करावा, शेजाऱ्याने करावा. जवळची मानसोपचार ओपीडी कुठे आणि कोणत्या वारी असते हेही तिथे विचारा. वर्ध्याकडच्या लोकांना सेवाग्राम आणि सावंगीची मेडिकल कॉलेजं जवळ आहेत, बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी मेडिकल कॉलेज. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक आजाराचा उपचार मोफत मिळणं हा हक्क आहे, कार्ड नसलं तरी. पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर लिहून न्या: झोप कधीपासून गेली, काय बोलतो, कोणती नशा करतो का, आधी कोणत्या गोळ्या दिल्या. ओपीडीच्या गर्दीत तो कागद तुमच्यापेक्षा जास्त बोलेल.

आणि परत आल्यावर. तो २१ वर्षांचा पोरगा दोन-तीन महिन्यांनी जागलीतून उतरतो. तेव्हा त्याला सगळं आठवतं. "माय, काकाले म्या खरंच तसं म्हटलं काय?" हे दिवस अवघड असतात, आवाज गेलेले असतात आणि लाज आलेली असते. या वेळी त्याला काम लागतं, आधी हलकं, सकाळचं, कुणाच्या तरी सोबत. काकाने त्याला तूर सोंगायला हाक मारली तर ते औषधाइतकंच कामाचं आहे. दुपारी तो पेंगेल, त्याला पेंगू द्यावं.

गोळ्यांची पिशवी आईच्या ताब्यात असावी. ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता त्यावरच रोजच्या गोळीची खूण करा, आणि कार्डावरच्या पुढच्या तारखेला गोल. गोळ्या संपायच्या तीन-चार दिवस आधी निघा, कारण त्या आठवड्यात पोळा असेल, ओपीडी बंद असेल, नाहीतर नाल्याला पूर असेल.